लांबचे काका

"हे तेवढं खाली टाकून ये. ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन डब्यात. पाहुणे यायच्या आत."

सासूबाईंनी पातेलं माझ्या हातात दिलं. आत शिरा होता, मी केलेला. पहाटे उठून, पोरीला पाजून, रवा भाजून, केळं घालून केलेला. त्या दिवशी माझ्या पोरीचं बारसं होतं. ब्राउनश्वाइगमधली दहा-बारा मराठी माणसं अकरा वाजता येणार होती.

मला वाटलं करपला असेल. मी झाकण काढून पाहिलं. करपला नव्हता.

"काय झालं याला?"

"काही झालं नाही. मी दुसरा करते." त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत. "मला दोष देऊ नकोस. माझ्यावर तसे संस्कार आहेत. या वयात ते बदलत नाहीत."

मंदार, माझा नवरा, सोफ्यावर बसून फुगे फुगवत होता. त्यानं ऐकलं. फुगा तोंडातून काढला नाही.

सासूबाईंना जर्मनीत येऊन सहा आठवडे झाले होते. बस कुठून सुटते ते त्यांना माहीत नव्हतं. पण कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, ते पाठ होतं. आणि मी कोणत्या डब्यातली, तेही आठवडाभरापूर्वी कळलं होतं.

पोर सव्वा महिन्याची होती. सोयर कधीच फिटलं होतं. हा विटाळ वेगळा. तो सव्वा महिन्यात फिटत नाही.

मी पातेलं घेऊन तीन मजले खाली उतरले. मागच्या अंगणात डब्यांपाशी उभी राहिले. झाकण उघडायला हात जाईना. आपल्या हातानं केलेलं गरम अन्न आपल्याच हातानं टाकायचं. रडले. टाके अजून दुखत होते, रडलं की जास्त दुखायचे.

तळमजल्यावर फ्राऊ हेंके राहायच्या. सत्तरीच्या. एकट्या. तोवर आमचं बोलणं 'गुटेन टाग'च्या पुढे गेलं नव्हतं. त्या वर्तमानपत्रांची रद्दी टाकायला आल्या. माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. पातेल्याला बाहेरून हात लावला.

"हे तर गरम आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "खराब झालंय?"

"नाही."

"मग?"

तेवढं जर्मन येत नव्हतं, आणि मराठीतही ते मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्यांनी वाट पाहिली नाही. घरात गेल्या, दोन चमचे घेऊन आल्या. मागच्या पायरीवर बसल्या, शेजारची जागा हातानं झाडली. आम्ही दोघींनी त्या पातेल्यातून शिरा खाल्ला. एकाच पातेल्यातून. त्यांनी खरवड सुद्धा काढून खाल्ली.

वर गेले तेव्हा पातेलं रिकामं होतं. सासूबाई म्हणाल्या, "घासून ठेव ते. वेगळं."

आम्ही मांग. सोलापूरकडचे. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. दिवाळीला गावभर लोक त्या केरसुणीला हळदकुंकू लावतात, लक्ष्मी म्हणतात. बांधणारीला उंबऱ्याबाहेर उभं करतात. वडील, आबा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. लोक नाचायचे आबांच्या सुरावर. मग आबा मांडवामागे बसून जेवायचे.

मी शिकले. पुण्यात फार्मसीचा डिप्लोमा केला, औषधांच्या दुकानात नोकरी धरली. तिथे मंदार भेटला. इंजिनियर. हसरा. जात सांगितली तेव्हा म्हणाला, "मला काय फरक पडतो?" मी त्या वाक्यावर भाळले. त्याला फरक पडत नव्हता हे खरंच होतं. पण फरक पडत नाही म्हणणारा माणूस वेळ आली की उभा राहतोच असं नाही. हे मला फार उशिरा समजलं.

त्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "वडील काय करतात?" मी तोंड उघडायच्या आत मंदार म्हणाला, "संगीतातले आहेत." सासूबाईंचा चेहरा फुलला. मी चहाकडे बघत राहिले. आडनावावरून काही कळत नव्हतं. लग्न रजिस्टर झालं. ऐन लग्नसराई, आबांना सुट्टी मिळाली नाही. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

ब्राउनश्वाइगला आले. मंदार मोटारींच्या कंपनीत. इथल्या मराठी मंडळींत मंजिरीताई जुन्या, वीस वर्षं इथे असलेल्या. पहिल्याच गणपतीला त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा? उभ्या की खड्यांच्या?" मी म्हटलं, "उभ्या." आमच्या झोपडीत उभं राहायला माणसांना जागा नव्हती.

सगळं बाहेर आलं ते आबांच्या फोनमुळे. नात झाल्याचं कळलं म्हणून त्यांनी बूथवरून फोन लावला. सासूबाईंनी उचलला. कौतुकानं विचारलं, "हल्ली कार्यक्रम असतात का?" आबांना आमचं नाटक माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार? ते आपले सरळ बोलले. कसले कार्यक्रम ताई, लग्नातला बँड, आता दम लागतो, फुंकवत नाही. घर कुठे, तर मांगवाड्यात.

पुढच्या आठवड्यात शिरा खाली गेला.

बारशाच्या दिवशी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. "तू बाळंतीण, आराम कर," सगळ्यांदेखत सासूबाई म्हणाल्या. गोड आवाजात. मंजिरीताईंना काय ते समजलं. जाताना त्यांनी माझा हात दाबला. "जाऊ दे गं. तीन महिन्यांचा प्रश्न आहे."

सासूबाई पुण्याला परत गेल्या तरी प्रश्न गेला नाही. तो मंदारच्या तोंडून बोलायला लागला. मी पोरीला मांडीवर घेऊन आईची ओवी म्हटली की तो म्हणायचा, "शुद्ध बोल तिच्याशी." आबांचा फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जायचा. आणि पोर दीड वर्षाची झाली तेव्हा, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, त्यानं जेवणाच्या टेबलावर तिकिटांचा कागद ठेवला. त्याचं आणि मुक्ताचं. मुक्ता म्हणजे माझी पोर.

"दोन-तीन वर्षं पुण्याला राहू दे तिला. आई सांभाळेल. चांगलं वळण लागेल."

"इथे काय लागतंय?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय."

"नाही कळत. बोल."

तो म्हणाला, "तुमच्याकडचं तिला काही कळायची गरज नाही. तिच्याच भल्यासाठी. मोठी होऊन तिनं तुझ्यासारखं घाबरत जगायला हवं का?"

तुझ्यासारखं घाबरत. माझ्या भीतीचा दाखला माझ्याच विरुद्ध. आणि ती भीती घातली कोणी?

मी उठले. खणातून पोरीचा पासपोर्ट काढला आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला. "पोर जाणार नाही."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. "आणि तू कुठे जाणार? तुझा व्हिसा माझ्यावर आहे."

सोमवारी तो कामावर गेल्यावर मी पोरीला कडेवर घेतलं, दोन पिशव्या भरल्या आणि खाली उतरले. फ्राऊ हेंकेंचं दार वाजवलं. बारशानंतर दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जायचे, काही ना काही डब्यात घेऊन. त्यांनी पिशव्या पाहिल्या. "मागची खोली मोकळी आहे," म्हणाल्या. "खिडकी नीट बंद होत नाही. कागद घालावा लागेल."

सात महिने असेच गेले. वर नवरा, खाली मी. जिन्यात भेटला की म्हणायचा, "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात. जर्मन शेजाऱ्यासारखा. मग बाड हॉम्बुर्गला नोकरी बदलून निघून गेला. पोरीला महिन्यातून एकदा भेटायला येतो. वकिलाच्या पत्रानं ठरलेलं.

आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, खेटे घातले. कायद्यानं मला स्वतंत्र परवाना मिळू शकत होता, लग्न करून इथे राहण्याची वर्षं भरली होती. पण कागद हवेत. नंबर घ्या, बसा, उद्या या. तिथल्या बाईनं विचारलं, "नवरा मारायचा?" नाही. "दारू?" नाही. "दुसरी बाई?" नाही. "मग घर का सोडलं?"

काय सांगू? मी म्हटलं, "माझ्या हातचं खात नव्हते." तिनं पेन खाली ठेवलं. "स्वयंपाकावरून?" शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. माझ्या पिढ्यान्पिढ्यांचं दुखणं त्यांच्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तिनं लिहिलं, 'कौटुंबिक मतभेद'. मी खाली सही केली. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही.

डिप्लोमा इथे चालत नव्हता. एका वृद्धाश्रमात काम मिळालं. आधी कपडे धुण्याचं, नंतर म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालण्याचं. सकाळी सहाला हजर. तेवढा वेळ पोर फ्राऊ हेंकेंकडे.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "मी चर्चला चाललेय. घरात बसलीस तर रडशील. चल. तिथे हायत्सुंग चालू असतं, इथल्यापेक्षा बरं."

मी ऊब मिळेल म्हणून गेले. खरं ते सांगते. मला कोणी ओढलं नाही, काही देऊ केलं नाही, कोणी दिसलं नाही स्वप्नात. शेवटच्या बाकावर पोरीला घेऊन बसले. अर्धं समजत नव्हतं. मग लोक उठून पुढे गेले आणि अर्धवर्तुळात उभे राहिले. पास्टर भाकरीचा तुकडा देत होता, त्यामागून द्राक्षारसाचा चांदीचा पेला फिरत होता. एकच पेला. स्टेशनबाहेर बाटल्या गोळा करणारा एक माणूस होता, हातमोजे फाटलेले. तो प्यायला. पास्टरनं कडा फडक्यानं पुसली. शेजारी करड्या कोटातली, मोत्यांची माळ घातलेली उंच बाई होती. तोच पेला तिनं ओठांना लावला.

मी बघत राहिले. माझ्या गावात हॉटेलाबाहेर आमची कपबशी वेगळी असायची, खिळ्याला अडकवलेली. प्यायची, विसळायची, परत अडकवायची. माझी पोर मांडीवर झोपली होती.

घरी येताना फ्राऊ हेंकेंना विचारलं, "त्या बाईला किळस नाही वाटली?"

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "युद्ध संपलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही पूर्वेकडून पळून आलो, आई आणि आम्ही तिघं. इथल्या शेतकऱ्याच्या घरात सरकारनं आम्हाला खोली दिली. शेतकरीण आमचे चमचे वेगळे ठेवायची. पंपावर आम्ही सगळ्यात शेवटी. फक्त त्या पेल्यापाशी तिला माझ्या आईच्या शेजारी उभं राहावं लागायचं. तोंड कडू करून. पण राहायची."

"मग ती सुधारली?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण आईनं जाणं सोडलं नाही."

मी जात राहिले. भाषा येत गेली. आणि एका रविवारी पास्टरनं एका शिष्याची गोष्ट सांगितली. गुरूला पकडून नेलंय. हा बाहेर अंगणात शेकत बसलाय. कोणी विचारतं, तू त्यांच्यातला ना? तो म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीन वेळा. आणि मग कळतं आपण काय केलं, आणि रडतो.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आतापर्यंत टाळली.

त्या दिवशी आबांशी बोलून सासूबाईंनी फोन माझ्याकडे दिला. त्यांचा चेहरा उतरला होता. मी फोनवर हात ठेवला. त्यांनी विचारलं, "हे तुझे सख्खे वडील?"

मी म्हटलं, "नाही. लांबचे काका. आम्ही आबा म्हणतो."

ज्या माणसानं क्लॅरिनेट फुंकून फुंकून छाती खराब केली, माझ्या पुस्तकांसाठी. लांबचे काका. आणि तेवढं खोटं बोलूनही मी वाचले नाहीच. सासूबाई काय वेड्या होत्या?

बाकावर बसून मी रडले नाही. इतकी वर्षं मी अपमान मोजत होते, त्यांनी केलेले. मी केलेला एक, त्यात धरलाच नव्हता. पास्टर पुढे सांगत होता, की त्या शिष्याला गुरूनं नंतर टाकलं नाही. पहाटे किनाऱ्यावर मासे भाजून त्याला जेवायला बोलावलं. कुठून आलास, कोणाचा, असं विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तुझं माझ्यावर प्रेम आहे का.

मला देव भेटला तो तिथे. माझं दुःख पुसणारा नाही. माझं खोटं पकडणारा, आणि पकडूनही ताटावरून न उठवणारा.

घरी येऊन कॉलिंग कार्ड खरवडलं. आबांच्या शेजारच्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावून घेतलं. सांगितलं सगळं. पलीकडे दम लागल्याचा आवाज.

"ठाव हाय मला," आबा म्हणाले. "तू हात ठिवलास फोनवर, पर ऐकू आलं हुतं."

"मग बोलला का नाहीत, आबा?"

"काय बोलू? तुला तितं राहायचं हुतं न्हवं."

दोन वर्षं हा माणूस दर पंधरा दिवसांनी फोन करत होता. नात काय करते विचारत होता. मला फोन ठेवता येईना.

पुढच्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेतला. आबांना आधी विचारलं. ते म्हणाले, "घे की. पर धरम बदलून जात जाती का गं?"

"जात नाही, आबा. लपून राहणं जातं."

मंजिरीताईंचा फोन आला. काळजीच्या आवाजात. "बाटलीस म्हणे. घर-बिर दिलं का गं त्यांनी?"

"ताई, तुमच्या लेखी मी जन्मतःच बाटलेली. बाटलेलं परत कसं बाटेल?"

त्यांनी जर्मनमध्ये 'या, आल्झो', म्हणजे 'बरं, असू दे', असं काहीतरी म्हटलं. परत फोन आला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण बाप्तिस्म्यानंतर मी पहिल्यांदा त्या अर्धवर्तुळात उभी राहिले, पेला माझ्याकडे आला, मी प्यायले. माझ्यानंतर करड्या कोटातली बाई होती. तिनं पेला ओठांना लावला नाही. भाकरीचा तुकडा त्यात टेकवला आणि तो खाल्ला. तशी रीत आहे, काही लोक करतात. पण ही कधी करत नव्हती. बाटल्यावाल्याच्या उष्ट्यानं तिला काही झालं नव्हतं. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी ती जागा बदलून माझ्या आधी उभी राहिली.

"सर्दी असेल तिला," फ्राऊ हेंके म्हणाल्या.

"दर रविवारी?"

त्या दिवशी मी खोलीचं दार लावून देवाशी भांडले. मराठीत. सोलापूरच्या मराठीत, जी मंदारला चालत नव्हती. तीन मजले उतरले, धर्म ओलांडला, आणि इथेही तेच? तुझ्या घरात? तो काही बोलला नाही. तो बोलत नाही. मला त्याचा संताप येतो, अजूनही येतो. पण एक कळलं. बोलावणं त्याचं आहे. त्या बाईनं मला बोलावलेलं नाही, म्हणून तिला मला उठवता येणार नाही.

मग पास्टरनं विचारलं, बायकांच्या मेळाव्यात बोलशील का? भला माणूस. मी हो म्हटलं. चर्चच्या मासिकात जाहिरात छापून आली, माझ्या फोटोसकट. 'भारतातल्या अंधारातून प्रकाशाकडे.' ती वाचून माझं डोकं फिरलं. मी कार्यालयात गेले. म्हटलं, "हा मथळा माझा नाही. अंधार तुमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर होता. आणि थोडा तुमच्या दुसऱ्या बाकावर आहे."

पास्टर लाल झाला. "तुला तसंच बोलायचंय?"

"नाहीतर दुसरी गरीब भारतीय बाई शोधा."

मी बोलले. तीस बायका होत्या, कॉफी, केक. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मांग'. देवनागरीत. त्यांना उच्चारायला लावलं. वडील बँडमध्ये वाजवतात म्हणून सांगितलं. लांबचे काका सांगितलं. मग पेल्याचं सांगितलं. नाव घेतलं नाही. करड्या कोटातली बाई खाली बघत होती. नंतर माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या बायका आल्या, माझा हात धरून रडल्या. मला त्यांचं रडणं नको होतं.

मुक्ता पाच वर्षांची झालीय. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मेळाव्याहून येताना ट्राममध्ये तिनं विचारलं, "मामा, वास इस्ट मांग?" म्हणजे, आई, मांग काय असतं?

मी तिला सगळं सांगितलं. केरसुणी, क्लॅरिनेट, लाल कोट, मांडवामागचं जेवण. तिला समजेल तेवढं, पण खोटं काही नाही. भेटीच्या शनिवारी ती ते बापाला सांगून आली. संध्याकाळी मंदारचा फोन.

"तिला कशाला हे? इथे तिला कोण विचारणार आहे?"

"कोणी विचारलं नाही तरी ती सांगेल," मी म्हटलं. "आणि आबांशी ती दर रविवारी बोलते. तेही तुला सांगून ठेवते."

रविवारी मी आता शेवटच्या बाकावर बसत नाही. पोरीला घेऊन पुढे जाते. दुसरा बाक, करड्या कोटाच्या शेजारी. मुद्दाम. ती सरकते, पर्स मांडीवर घेते. उठायचं असेल तर तिनं उठावं. मी उठणार नाही.